स्पिटेलबर्गलाही जरूर जा

व्हिएन्नाच्या ख्रिसमस बाजारांवरच्या तुमच्या लेखात नगरभवनासमोरच्या बाजाराचं वर्णन सुंदर आहे, पण त्याच शहरातल्या स्पिटेलबर्ग भागातला बाजार राहून गेला याची चुटपुट लागली. फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना जुनी घरं, मध्ये लाकडी दुकानं. मला तरी हाच बाजार सर्वांत आवडतो. हस्तकलेच्या वस्तू हव्या असतील तर कार्ल्सप्लात्झ चौकातला बाजार गाठा. गरम पुन्श (दारू घातलेलं मसालेदार पेय) घेताना कपाची अनामत भरावी लागते, कप दिला की पैसे परत (आवडला तर ठेवूनही घेता येतो). मुलांसाठी बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो. चारच्या सुमारास अंधारतं आणि तेव्हाच खरी रंगत येते. फक्त नाताळनंतरची तिकिटं काढू नका! बरेच बाजार २६ डिसेंबरपर्यंत आवरतात. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा मात्र नववर्षापर्यंत चालतो.