काकांच्या लेन्स भंगारात देऊ नका, तो मेसेज चुकीचा आहे

परवा आत्याचा फोन आला. "अरे, काकांचा तो कॅमेऱ्याचा डबा मी गॅलरीत नेऊन ठेवलाय, भंगारवाला आला की देऊन टाकते, त्यातनं किरणं येतात म्हणे." कुठनं कळलं विचारलं तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. मलाही पाठवला तिने. म्हणणं असं की रोलच्या काळातल्या लेन्स किरणोत्सारी असतात, घरात ठेवल्या की कॅन्सर होतो, डिजिटल कॅमेऱ्याला लावल्या की सेन्सर जळतो, त्यांची बुरशी कॅमेऱ्यात शिरते आणि तसेही त्यांचे फोटो चांगले येत नाहीत, तेव्हा ताबडतोब भंगारात द्या. तोच मेसेज नंतर आणखी दोघांकडून आला, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी किरणांचं. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम, म्हणजे मंद किरणं सोडणारा धातू, असायचं हे खरंय. सगळ्या नाही, काही. काकांची पेंटॅक्सची लेन्स, सुपर टाकुमार ५० एमएम १.४, सात काचांची, नेमकी त्यातलीच आहे, हेही मान्य. पण किती किरणं, ते मेसेजवाला सांगत नाही. अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने २००१ मध्ये याचा हिशोब मांडलाय. वर्षातले ३० दिवस, रोज ६ तास अशी लेन्स अंगावर वागवणाऱ्या फोटोग्राफरला वर्षाला साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेली किरणं मोजायचं माप). काचेत कायद्याने चालतं तेवढं जास्तीत जास्त थोरियम धरलं तरी त्याच्या तिप्पट. आणि जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला काही न करता वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. गावाकडे ज्या गॅसबत्तीच्या उजेडात लग्नाच्या पंगती उठल्या तिच्या मँटलमध्येही थोरियमच असायचं.

खरा धोका आहे तो ही काच फुटून तिची धूळ नाकातोंडात जाण्याचा, आणि मला राग येतोय तो इथेच, कारण भंगारवाला लेन्सचं काय करणार? धातूसाठी हातोडा घालणार, हातात ग्लोव्हज नाहीत, तोंडाला फडकं नाही. म्हणजे कपाटात निपचित पडलेली वस्तू घरातनं काढून त्या माणसाच्या अंगावर ढकलायची आणि वर मेसेजखाली "जनहितार्थ" लिहायचं!

सेन्सर जळण्याचं तर काहीच्या काही. काकांच्या लेन्समध्ये वायरच नाही, वीज येणार कुठून? काच, धातू आणि आटे, बस. ४२ एमएमचे आटे असलेली ही लेन्स फिल्मपासून ४५.४६ एमएमवर बसायची, आतेभावाच्या सोनी मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सर १८ एमएमवर आहे, तर मधलं अंतर भरून काढणारी साधी पोकळ नळी म्हणजे ॲडॉप्टर. वायर नसल्याने कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हे कळत नाही, म्हणून लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचं सेटिंग ऑन करायचं, लेन्सच्या बाजूची छोटी कळ ए वरून एम वर सरकवायची, नाहीतर ॲपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहानमोठं करणारं कडं) फिरवली तरी आतली पाती मिटत नाहीत आणि लोक म्हणतात लेन्स बिघडलीय. फोकस हाताने.

जळण्याच्या गोष्टीत एक खरं आहे, पण ते लेन्सचं नाही, फ्लॅशचं. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी २०० च्या वर व्होल्ट असतात, तो डिजिटलच्या हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, अजिबात चढवू नका. आणि १९७७ च्या आधीच्या निकॉन लेन्स नंतरच्या माउंटसाठी कन्व्हर्ट केलेल्या नसतील तर बऱ्याच निकॉन डीएसएलआरच्या माउंटवरचा छोटा खटका मोडू शकतो, हे बघून घ्या.

फोटो चांगले येत नाहीत? १.४ वर, म्हणजे पाती पूर्ण उघडी असताना, थोडे मऊ येतात, समोरून ऊन आलं की धुरकट होतात, कबूल. पाती मिटवून ५.६ वर आतेभावाने काढलेला पारिजातकाचा फोटो बघा, केशरी देठावरची लव मोजता येते. काच चहासारखी पिवळी पडलीय तीही थोरियममुळेच, काही आठवडे अतिनील दिव्याखाली ठेवली की बरीच निवळते.

राहिली बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, नव्या लेन्सवरही बसतात, वाढतात ते ओल मिळाली की. बुरशी दिसत असेल तर लेन्स साफ करून घ्या, तोवर वेगळी ठेवा, बाकी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

आत्या, पाऊस धो धो चाललाय, तो डबा आधी गॅलरीतनं आत घे.