फोटो काढा, पण गोळ्या पण घ्या की

परवा कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या गोळ्यांच्या दुकानाचा फोटो आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. काचेच्या बरण्या, फळीचं दुकान, मागं स्टुलावर मामा. खाली बदामांचा पाऊस आणि ‘गेले ते दिवस’. एकानं लिहिलं, ‘हे दुकान जपलं पाहिजे रे.’ हा गडी तिथून चार गल्ल्या पलीकडं राहतो.

बदाम मीही टाकला होता. मग माझी मलाच लाज वाटली आणि संध्याकाळी गेलो. मोजून सहा वर्षांनी!

आमच्या वेळी चाराणे घेऊन त्या फळीपुढं उभं राहायचं म्हणजे परीक्षाच. लिमलेट, संत्र्याच्या फोडी, जिरागोळी, पेपरमिंट, श्रीखंडाची गोळी, आणि कोपऱ्यात बोरकुटाच्या पुड्या. श्रीखंडाची गोळी तोंडात लगेच विरघळते, म्हणजे तोट्याचा सौदा. लिमलेट शाळेच्या फाटकापर्यंत पुरते, पण जीभ सोलते. मागचा पोरगा ढकलत असायचा, मामा ओरडायचे, ‘बरणीला हात लावू नको, तोंडानं सांग!’ आणि पुडी बांधताना वर एक गोळी टाकायचे, न मागता.

आता मामांचं वय झालंय. बरण्या तेवढ्याच, पण निम्म्या तळाला गेलेल्या. म्हटलं, मामा, गोळ्या खपत्यात का? हसले. ‘गोळ्यांवर कोण जगतंय? पाडव्याला साखरेच्या माळा आणि गुरुवारच्या आरतीला बत्तासे, त्यावर चाललंय. गोळ्या आपल्या शोभेला.’ त्यातून पावसाळा. आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. साखर हवेतलं पाणी ओढते, गोळ्या पाघळून एकमेकींना चिकटतात. मामा झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून आवळतात, तरी दर आषाढात एखादी बरणी फेकावी लागते. रुपयाच्या गोळीमागं काही पैसे सुटणार, त्यात ही नासाडी कोण सोसणार? मुलगा एमआयडीसीत नोकरीला आहे. तो दुकानात बसणार नाही आणि त्यानं बसावं असं मामांनाही वाटत नाही.

म्हणून त्या ‘जपलं पाहिजे’चा मला राग येतो. कुणी जपायचं? ‘पान पसंद’वाल्या रावळगावनं २०२४ साली आपले गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सला २७ कोटींना विकले, तेव्हाही आमचा ग्रुप असाच हळहळला होता. शेवटची पान पसंद कधी विकत घेतली विचारलं, तर एकालाही आठवेना. ह्याच मंडळींनी दिवाळीला ‘बचपन की यादें’ लिहिलेली लिमलेटची शोभिवंत बरणी तीनशे रुपयांना ऑनलाइन मागवली होती. (चव बरी होती, खोटं कशाला बोला.) आणि हे कोल्हापुरात, जिथल्या गुळाला २०१४ साली जीआय मानांकन मिळालं आणि आपण पेढे वाटल्यासारखे फॉरवर्ड वाटले! घरात गूळ कुठला आणता, हे मात्र विचारू नका.

मी उभा असताना दोन पोरं-पोरी आली. बरण्यांसमोर वेगवेगळ्या कोनातून दहा-बारा फोटो काढले, रील केलं आणि ‘थँक्यू काका’ म्हणून निघाली. मामा मागनं म्हणाले, ‘फोटो काढा, पण गोळ्या पण घ्या की!’ पोरगी ओशाळून परत आली, दहा रुपयांच्या जिरागोळ्या घेतल्या. मला ती आमच्या ग्रुपपेक्षा बरी वाटली.

मी पाव किलो मिक्स मागितल्या. मामांकडं आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. बरोबर २५० आकडा आला, मामांनी पिशवीची गाठ मारायला घेतली, थांबले आणि एक संत्र्याची फोड आत टाकली. काट्यावर २५४.

‘त्याला काय कळतंय,’ म्हणाले आणि काटा बंद केला.