पुलाच्या दोन्ही बाजूंना

आज सकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका वक्त्यांनी अमेरिकेचे स्वातंत्र्य दोन वाक्यांत उरकले. इंग्रजांनी चहा महाग केला, लोकांनी तो समुद्रात फेकला आणि देश जन्माला आला, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उठून बोललो नाही याची रुखरुख लागली आहे, म्हणून लिहितो.

मुळात १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तेथे स्वस्त झाला होता. तरीही बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, कारण वाद दराचा नव्हताच. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर का बसवावा, हा होता. आणि हा प्रश्न अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतली माणसे इंग्रज म्हणूनच विचारत होती!

काही वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो असताना आम्ही बॉस्टनजवळच्या कॉन्कर्ड गावचा नॉर्थ ब्रिज पाहिला. १९ एप्रिल १७७५ रोजी तेथे राजाचे सैन्य आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळीबार झाला आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. पुलाच्या एका बाजूला वसाहतीतल्या शेतकरी-सैनिकाचा पुतळा आहे, दुसऱ्या बाजूला तेथे पडलेल्या ब्रिटिश शिपायांची कबर. तिकडेच जन्मलेली माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची, कबरीपाशी थांबून म्हणाली, "आजोबा, हेपण इंग्लिश आणि तेपण इंग्लिश, मग शत्रू कोण?" मला उत्तर सुचले नाही.

ते उत्तर दीडशे वर्षांत पसरलेले आहे. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन हे इंग्रजांचे गाव वसले आणि १६१९ मध्ये त्या वसाहतीची प्रतिनिधीसभा भरलीसुद्धा. लंडन समुद्रापलीकडे, पत्राला कित्येक आठवडे लागत. तेव्हा रस्ते, कर, जमिनींचे तंटे यांचा निर्णय लोक आपापसांत करू लागले. ज्यांनी इंग्लंड कधी पाहिले नाही अशी नातवंडेही त्याला 'घर' म्हणत होती, पण कारभाराची सवय मात्र इथली झाली होती. ही सवय कोणी ठरवून लावली नव्हती, म्हणूनच ती मोडता आली नाही.

परकेपणा आधी दाखवला तो लंडनने, आणि मला संताप येतो तो याचाच. तरुण वॉशिंग्टनला राजाच्या फौजेत कायम हुद्दा हवा होता. तो मिळाला नाही. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात वसाहतींतले लोक खांद्याला खांदा लावून लढले आणि १७६३ मध्ये राजाज्ञा आली की ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करू नका. १७६५ मध्ये मुद्रांक कर आला. बरोबरीचा इंग्रज म्हणून वागवा, एवढेच मागणाऱ्याला दर वेळी पायरी दाखवली गेली.

त्या डोंगरांपलीकडची जमीन मूळ रहिवाशांची होती आणि हक्कांची भाषा बोलणाऱ्या कित्येकांच्या मळ्यांवर गुलाम राबत होते, हे खरे आहे. ते मी नाकारत नाही.

पण पुन्हा त्या पुलाकडे येतो. आदल्या रात्री घोड्यावरून निघालेल्या पॉल रिव्हियरने 'रेग्युलर्स', म्हणजे राजाचे खडे सैन्य, निघाले असल्याची वर्दी दिली. दंतकथेत सांगतात तसे 'ब्रिटिश आले' असे ओरडून काय उपयोग होता? ऐकणारेही स्वतःला ब्रिटिशच समजत होते. गोळीबारानंतर, जुलैमध्येसुद्धा, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे त्यांच्या काँग्रेसने, राजाकडे समेटाची विनंती पाठवली होती.

लिहिता लिहिता राग ओसरला आणि अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन आठवला. हा माणूस अनेक वर्षे लंडनमध्ये राहिला, साम्राज्य एकत्र राहावे म्हणून झटला आणि १७७४ मध्ये तेथेच भर सभेत अपमानित झाला. तो साम्राज्यातून फुटून निघाला. त्याचा मुलगा विल्यम, न्यू जर्सीचा गव्हर्नर, राजाशी एकनिष्ठ राहिला. १७८५ मध्ये साउदॅम्प्टनला बापलेक शेवटचे भेटले, पण मन जुळले नाही. मृत्युपत्रात बापाने मुलाला जवळजवळ काहीच ठेवले नाही.

नात आता मोठी झाली आहे. रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा या बापलेकांची हकिकत तिला सांगणार आहे. त्या दिवशी ती कबरीवरची वाळलेली पाने हाताने बाजूला करत होती आणि मी तिला चल, चल म्हणत होतो.