साहेब, पीएविरुद्ध तक्रार आलीय? बसा, पाणी घ्या

तुमच्या पीएविरुद्ध ऑफिसातल्या मुलीनं तोंड उघडलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 सालचा आहे आणि नीट वाचला तर तुमच्याही कामाचा आहे. अडचण एवढीच, की तो तिनंही वाचलेला असू शकतो.

पहिलं पथ्य म्हणजे कागद होऊ द्यायचा नाही. तक्रार लेखी लागते, तीही शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांत. म्हणून म्हणायचं, "ताई, लिहून कशाला देता, मी आहे ना." मग दौरा, मग अधिवेशन, मग मतदारसंघातली लग्नं. तक्रार ऐकणारी समिती कारणं नोंदवून आणखी 3 महिने देऊ शकते, तेव्हा ते 'मी आहे ना' व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. नेमकं तेच कारण म्हणून जोडलं जातं. समितीच्या नेमणुकीचा आदेश कचेरीत ठळक जागी लावा असंही कायदा सांगतो. कपाटामागची भिंतही पालींना ठळकच दिसते.

जनसंपर्क कार्यालयात माणसं नऊच ठेवा. दहावा आला की अंतर्गत समिती आली: अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, शिवाय बाहेरच्या संस्थेतलं एक माणूस, जे तुमच्या चहानं विरघळत नाही. नऊ असतील तर तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. ती समिती कुठे बसते हे एकदा कलेक्टर कचेरीत विचारून बघा, तुमची निम्मी काळजी तिथल्या जिन्यातच मिटेल. आणि प्रकरण पक्षातलं असेल तर दुधात साखर. पक्ष आणि सदस्य यांच्यात मालक-नोकर नातं नाही, म्हणून समितीची सक्ती नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं; त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळलं. तरी जपून. कायद्याच्या व्याख्येत बिनपगारी राबणारेही कर्मचारीच आहेत. सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलीला 'आमच्याकडे कामाला आहे' म्हणालात की फसलात. 'घरचीच आहे' म्हणा.

चौकशी लागलीच, तर ती 90 दिवसांत संपवायची असते. सलग तीन सुनावण्यांना विनाकारण दांडी मारली, तर 15 दिवसांची नोटीस देऊन समिती एकतर्फी निकाल देऊ शकते. पीएला हिशेब शिकवा: दोन बुडवायच्या, तिसरीला इस्त्रीच्या शर्टात हजर. वकील आणता येत नाही, पण गाडीत बसवून ठेवायला बंदी नाही.

मधल्या काळात बदली. तिनं लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, नाहीतर तिला 3 महिन्यांपर्यंत जादा रजा. मागणीची वाट कशाला पाहायची? तिच्याच सुरक्षेसाठी तिला गडचिरोलीला पाठवा. (त्याला नाही. त्याच्याशिवाय तुमची डायरी कोण सांभाळणार?) समेट फक्त तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर मुळीच नाही. तिच्या भावाला पेव्हर ब्लॉकचं कंत्राट म्हणजे काही पैसे नव्हेत.

पत्रकार आले की गोपनीयतेचं कलम 16 पुढे करा. तिचं नाव 'आमच्या सूत्रांनी' आधीच फोडलेलं असलं, तरी हे म्हणताना चेहरा गंभीर ठेवता येतो. तिला एकटीला गाठून कलम 14 वाचून दाखवा: खोट्या तक्रारीला शिक्षा आहे. त्याच कलमात, आरोप सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असंही लिहिलंय. तिथे खोकला येऊ द्या.

एवढं करूनही समितीनं त्याला दोषी धरलं, तर अहवालावर तुम्हाला 60 दिवसांत कारवाई करावी लागते. नाही केली तर दंड, 50 हजार रुपयांपर्यंत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याहून जास्त जातात. दुसऱ्यांदा सापडलात तर मात्र दुप्पट होतो, तेव्हा त्या वर्षी फ्लेक्स जरा कमी लावा.