‘ई-फोर निघालं की अल्झायमर पक्का’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर... नाशिकच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: आई किंवा वडिलांना अल्झायमर असेल तर मुलांना होणारच. थुंकीची टेस्ट करा. ‘ई-फोर’ निघालं तर सत्तरीत स्मृती गेली म्हणून समजा, नाही निघालं तर निर्धास्त राहा. हे विषारी प्रथिन शरीरातून काढायला रोज दोन मोठे चमचे खोबरेल तेल प्या.

‘विषारी प्रथिन’ इथूनच सुरुवात करू. एपीओई हे प्रथिन तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या शरीरात असतं. रक्तात आणि मेंदूत चरबी व कोलेस्टेरॉल वाहून नेणं हे त्याचं काम. ते काढून टाकायचं नसतं, त्याच्याशिवाय रक्तातलं कोलेस्टेरॉल बेसुमार वाढतं. त्याची तीन रूपं आहेत: ई-टू, ई-थ्री, ई-फोर. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाचे मणी; अशा २९९ मण्यांच्या साखळीत फरक फक्त ११२ आणि १५८ या दोन जागांचा. ई-थ्रीमध्ये ११२व्या जागी सिस्टीन असतं, ई-फोरमध्ये तिथे आर्जिनिन. एवढ्या बदलानेही प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते, आणि मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणारं चिकट प्रथिन, नीट साफ होत नाही, ते साचत जातं. ई-टूने उलट धोका कमी होतो. पण तेही निव्वळ गुणी नाही: ई-टूच्या जनुकाच्या दोन प्रती (आईकडून एक, वडिलांकडून एक) असलेल्या काहींच्या रक्तात चरबी फार वाढते.

आता ‘होणारच’. ई-फोर आणि अल्झायमरचा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीने धोका साधारण तिप्पट होतो, दोन प्रतींनी आठ ते बारा पट. दोन प्रतींची गोष्ट गंभीर आहे, ती मी हलकी करणार नाही. अशा बहुतेकांच्या मेंदूत पासष्टीपर्यंत अमायलॉइड दिसू लागतं. पण मेंदूत बदल दिसणं आणि माणूस घरचा रस्ता विसरणं यात अंतर आहे. शिवाय हे आकडे सगळीकडे सारखे लागू पडत नाहीत. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ई-फोरचा परिणाम बराच कमी दिसला. युरोपातला तक्ता नाशिककराच्या रिपोर्टला जसाच्या तसा चिकटवणं चूकच.

‘आईला होता म्हणून मला होणारच’ हे खरं ठरू शकतं ते काही मोजक्या घराण्यांत. एपीपी, प्रेसेनिलिन-१ किंवा प्रेसेनिलिन-२ या जनुकांत विशिष्ट दोष असेल तर आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो, आणि तो दोष मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. असे रुग्ण एकूण अल्झायमरच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातही कोलंबियातल्या एका बाईंची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रेसेनिलिन-१ चा घातक दोष असूनही त्यांची स्मृती सत्तरीपर्यंत टिकली. त्यांच्या घराण्यात इतरांची चाळिशीतच ढासळायची. मेंदू अमायलॉइडने भरलेला, पण एपीओईच्याच ‘क्राइस्टचर्च’ नावाच्या दुर्मिळ बदलाच्या त्यांच्याकडे दोन प्रती होत्या. एका प्रथिनाने दुसऱ्याचा घाला अडवला असावा, असं संशोधकांना वाटतं.

‘नाही निघालं तर निर्धास्त’ हे मला जास्त धोक्याचं वाटतं. ई-फोरची एकही प्रत नसलेले अल्झायमरचे रुग्ण भरपूर आहेत. आणि वडील पंचवटीतली रोजची गल्ली चुकायला लागले असतील, तर त्यांना थुंकीची टेस्ट नको, डॉक्टर हवा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही स्मृती मंदावते आणि त्यावर उपचार आहेत.

राहिलं खोबरेल. आपल्याकडे भाजीला शेंगदाण्याचं तेल आणि डोक्याला खोबरेल, ते आता पोटात घ्यायचं म्हणे. त्याने अल्झायमर टळतो याला भरवशाचा पुरावा नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र वाढतं, आणि मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत घातलं. ई-फोर असणाऱ्यांचं एलडीएल मुळातच जरा जास्त असतं. म्हणजे मेसेजने ज्यांना घाबरवलं, नेमक्या त्यांनाच हे तेल सगळ्यात कमी मानवणार.