काऊबॉयचे पिक्चर आणि एका गोळीचं वजन

परवा घरच्या एका कार्यक्रमात जेवणं झाल्यावर सिनेमांचा विषय निघाला आणि आतेभावाने विचारलं, "तुला ते काऊबॉयचे पिक्चर एवढे का गं आवडतात? घोडे, धूळ, ठो-ठो, संपलं." तिथे पानसुपारी चालली होती, नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते. लांबेल, पण या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही.

आधी हे कबूल करते की माझीही सुरुवात ठो-ठोनेच झाली. माझ्या वयाच्या बहुतेकांची 'मॅकेनाज गोल्ड'ने झाली असेल. १९६९ सालचा तो सिनेमा आपल्याकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागायचा. सोन्याचा डोंगर, झुलता पूल, शेवटचा भूकंप हे सगळं बघून आम्ही भावंडं आठवडाभर अंगणात घोडे दौडवायचो. आज तो पूर्ण बघवत नाही, कारण त्यात माणसं मरतात आणि कुणाला काही वाटत नाही. बघणाऱ्यालाही नाही. वेस्टर्न, म्हणजे हा काऊबॉयचा पिक्चर, थोर आहे की नाही, ते ठरवायची माझी कसोटी एवढीच आहे: एक गोळी सुटली तर त्या सिनेमाला तिचं ओझं वाटतं का?

'शेन' (१९५३) घ्या. वायोमिंगमधलं खोरं, मागे ग्रँड टिटनचे बर्फाचे सुळके, खाली गरीब शेतकऱ्यांची लाकडी घरं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकर जमीन देत असे. पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, मग ती तुमची. त्याआधीपासून तिथे गुरं चारणाऱ्या बड्या मालकाला हे शेतकरी नको आहेत, म्हणून तो विल्सन नावाचा भाडोत्री मारेकरी आणतो. टॉरी हा त्या शेतकऱ्यांपैकी एक. तापट, बोलघेवडा, मनाने चांगला.

टॉरी चिखलातून चालत येतो. विल्सन वर दुकानाच्या लाकडी ओट्यावर उभा, हातात काळा मोजा चढवतोय. तो टॉरीला डिवचतो, टॉरी पिस्तूल काढायला जातो आणि त्याचं पिस्तूल वर यायच्या आत विल्सनचं रोखलेलं असतं. इथे एक क्षण जातो. टॉरी हरलाय हे दोघांनाही कळलेलं आहे. विल्सनने गोळी झाडली नाही तरी चालणार आहे. तो तरीही झाडतो. टॉरी दोरीने मागे ओढल्यासारखा चिखलात जाऊन पडतो. खरोखरच ओढला होता: दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने नटाच्या कमरेला तारा बांधल्या होत्या. साध्या पिस्तुलाचा आवाज त्याला पुरेना, म्हणून कचऱ्याच्या पिंपात छोटी तोफ डागून तो आवाज मिळवला. नंतर टेकडीवर टॉरीचं दफन होतं. त्याचा कुत्रा पेटीजवळ जाऊन पाय घासत राहतो आणि शेजारचे टोप्या हातात घेऊन नुसते उभे असतात.

एका माणसाच्या मरणाला एवढी जागा! 'मॅकेनाज गोल्ड'मध्ये तेवढ्या वेळात दहा जण जातात.

स्टीव्हन्सला असं का वाटलं असावं, याचा मी बराच विचार केलाय. महायुद्धाआधी तो हलकेफुलके, नाचगाण्यांचे सिनेमे करायचा. मग अमेरिकन लष्कराच्या छायाचित्रण पथकाबरोबर युरोपात गेला आणि १९४५मध्ये डाखाऊच्या छळछावणीत पोचला. तिथे त्याच्या पथकाने टिपलेलं नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवलं गेलं. परत आल्यावर त्याला पूर्वीसारखे सिनेमे करता आले नाहीत. 'हाय नून'चा दिग्दर्शक फ्रेड झिनेमन व्हिएन्नात वाढलेला ज्यू. त्याचे आईवडील नाझींनी मारले. दिग्दर्शक जॉन फोर्ड १९४२मध्ये मिडवेच्या लढाईचं चित्रण करताना जखमी झाला. नट जेम्स स्टुअर्टने युरोपवर बॉम्बफेकीच्या वीस मोहिमा केल्या. दुसरा नट ली मार्विन १९४४मध्ये सायपान बेटावर गोळी लागून पडला होता. पन्नाशीच्या दशकातले वेस्टर्न वेगळे का वाटतात, याचं माझ्यापुरतं उत्तर या नावांत आहे. गोळी लागली की काय होतं ते या माणसांनी पाहिलेलं होतं.

'हाय नून' (१९५२) मी अण्णांबरोबर पाहिला, माझ्या वडिलांबरोबर. अण्णा मराठवाड्यातल्या मीटरगेज लाइनवर स्टेशनमास्तर होते. आमचं बालपण लहान लहान स्टेशनांमागच्या क्वार्टरमध्ये गेलं. ते रिटायर झाल्यावर मी डीव्हीडी प्लेअर आणला आणि त्यांना म्हटलं, हा बघा, यात सगळे मिळून एका गाडीची वाट बघतात. एरवी इंग्रजी पिक्चरला ते पाच मिनिटांत पेंगायचे. त्या दिवशी खुर्चीत पुढे सरकून बसले.

गोष्ट अगदी साधी आहे. मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, विल केनचं लग्न नुकतंच लागलंय, नोकरी सोडून तो नव्या बायकोबरोबर निघालाय. तेवढ्यात स्टेशनमास्तर तार घेऊन धावत येतो. केनने ज्याला तुरुंगात धाडलं होतं तो फ्रँक मिलर सुटलाय, दुपारी बाराच्या गाडीने येतोय, आणि त्याचे तीन साथीदार आत्ताच स्टेशनवर येऊन बसलेत. घड्याळ आणि सिनेमा जवळपास एकाच गतीने चालतात. सुमारे ८५ मिनिटांतला बहुतेक वेळ केन गावात दारोदार मदत मागत हिंडतो. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवतो, तराजू पिशवीत घालतो आणि निघून जातो. चर्चमध्ये चर्चा होते. सगळे चांगले बोलतात आणि कुणीच येत नाही. एक मित्र केनला येताना बघून घरातच लपतो आणि बायकोला दारात पाठवतो: ते घरी नाहीत म्हणून सांग. ती बिचारी सांगते. तिच्या चेहऱ्यावरची शरम मला त्या सिनेमातल्या साऱ्या गोळ्यांपेक्षा जास्त लागली. असं दार आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलंय, आतून किंवा बाहेरून.

पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन हे दार बाहेरून बघत होता. चित्रीकरण चालू असतानाच, १९५१मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकेच्या संसदीय समितीने त्याला बोलावलं. त्याने इतरांची नावं सांगायला नकार दिला, हॉलिवूडमध्ये ज्यांना काम द्यायचं नाही त्यांच्या काळ्या यादीत गेला आणि इंग्लंडला निघून गेला. वेस्टर्नमधला बडा नट जॉन वेन, त्याला हा सिनेमा कायम खटकत राहिला. त्याने आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने पुढे १९५९मध्ये 'रिओ ब्राव्हो' केला, तो एका अर्थाने याला दिलेलं उत्तर. 'रिओ ब्राव्हो' मला मनापासून आवडतो. त्यातली माणसं घरी गप्पांना बोलवावीत अशी आहेत. पण तो संपला की मला शांत झोप लागते. 'हाय नून'नंतर लागत नाही.

झिनेमनने त्यात मोजक्याच गोष्टी पुन्हा पुन्हा दाखवल्यात: क्षितिजापर्यंत गेलेले रिकामे रूळ, पांढऱ्या आभाळाखाली काळ्या कपड्यांत सतत चालणारा केन, आणि दर वेळी मोठी होत जाणारी घड्याळं. केन झालेला गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता आणि त्याची तब्येत खरोखर बरी नव्हती. ते ओढलेलं तोंड रंगभूषेने येत नाही. बाराला थोडा वेळ उरतो तेव्हा केन मृत्युपत्र लिहायला बसतो. लंबक हलतोय, आपण पाहिलेला एकेक चेहरा ओळीने समोर येतो, आणि मग इंजिनाची शिट्टी.

"राइट टाइम," अण्णा पुटपुटले.

मग मी त्यांना झिनेमनने सांगितलेली एक आठवण सांगितली. गाडी येतानाचं दृश्य घ्यायला तो आणि छायाचित्रकार रुळांवर कॅमेरा लावून आडवे पडले होते. इंजिन पांढरी वाफ सोडत येत होतं, मग त्यातून काळा धूर निघाला. फारच सुंदर दिसतंय, असं त्यांना वाटलं. ब्रेक लागत नसल्याची ती खूण होती. दोघं कसेबसे बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चुरा झाला, फिल्म तेवढी वाचली. अण्णा हसले नाहीत. कोळशाच्या इंजिनांच्या काळात त्यांनी बरंच पाहिलं होतं.

शेवटची चकमक काही मिनिटांची आहे, आणि त्यातली सगळ्यात जड गोळी केनची नाहीच. ती त्याच्या बायकोची आहे. अ‍ॅमी क्वेकर पंथाची. तिचे वडील आणि भाऊ बंदुकीच्या गोळीने गेलेत, हिंसा नको म्हणून ती नवऱ्याला सोडून निघाली होती. ती परत येते आणि खिडकीतून एका माणसाच्या पाठीत गोळी घालते. त्या क्षणी ग्रेस केलीच्या चेहऱ्यावर कसलाही विजय नाही. ती कोलमडते.

'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) तर अख्खा एका गोळीवरच उभा आहे. लिबर्टी नावाच्या गुंडाला मारणारा म्हणून एक वकील (जेम्स स्टुअर्ट) सिनेटर होतो, राज्यात मान मिळवतो. ती गोळी त्याची नव्हती. ज्याची होती तो टॉम डॉनिफन सगळं गमावून बसतो, आणि सिनेमा सुरू होतो तेव्हा साध्या खोक्यात मेलेला पडलाय. त्याच्या पायातले बूटही अंत्यविधी करणाऱ्याने काढून घेतलेत. जेम्स स्टुअर्ट म्हणतो, त्याला त्याचे बूट घाला. फोर्डने हा सिनेमा काळ्यापांढऱ्यात, बहुतांशी स्टुडिओत केला, आणि तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. मला तो काळोख योग्यच वाटतो. तीच गोळी आपण दोनदा बघतो, दुसऱ्यांदा पलीकडच्या बोळातून, आणि दुसऱ्यांदा बघताना सगळा सिनेमा मागे जाऊन बदलतो.

फोर्डचाच 'द सर्चर्स' (१९५६) मात्र माझ्यासाठी अवघड आहे. तो सगळ्यात मोठा वेस्टर्न आहे असं मी मानते, आणि दर वेळी बघताना त्रासही होतो. कोमांची या मूळनिवासी टोळीने पळवून नेलेल्या पुतणीला जॉन वेनचा ईथन वर्षानुवर्षं शोधतो, आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की तो तिला वाचवायला नाही, मारायला शोधतोय, कारण आता ती 'त्यांच्यातली' झाली. यामागे टेक्ससमधल्या खऱ्या घटनांचा आधार आहे. सिंथिया अ‍ॅन पार्करला १८३६मध्ये लहानपणी कोमांचींनी नेलं. ती त्यांच्यात वाढली, संसार केला, मुलं झाली. १८६०मध्ये तिला बळाने 'सोडवून' आणलं, आणि गोऱ्यांच्या जगात ती पुन्हा कधीच रमली नाही. तिची बाजू या सिनेमात नाही. कोमांचींचा सरदार जर्मनीत जन्मलेल्या निळ्या डोळ्यांच्या नटाने केलाय, आणि कोमांची म्हणून दिसतात ते जिथे चित्रीकरण झालं त्या मॉन्युमेंट व्हॅलीतले नवाहो, म्हणजे दुसऱ्याच मूळनिवासी जमातीचे लोक. ज्यांची जमीन गेली त्यांना बोलायला संधी न देणं हा या सगळ्या सिनेमांचा दोष आहे, आणि मला आवडतात म्हणून मी तो झाकणार नाही.

तरीही फोर्डने एक दृश्य घातलंय. वाटेत एका कोमांचीचं पुरलेलं प्रेत सापडतं. ईथन पिस्तूल काढतो आणि मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत दोन गोळ्या घालतो. त्याला त्यांची श्रद्धा माहीत आहे: डोळे नसतील तर आत्म्याला वाट सापडत नाही, तो वाऱ्यात भटकत राहतो. द्वेष किती खोल गेलाय हे सांगायला याहून भयंकर गोळी मी सिनेमात पाहिलेली नाही. शेवटी भटकत राहतो तो ईथनच. सगळे घरात जातात, तो उंबऱ्याबाहेर एका हाताने दुसरा दंड धरून उभा राहतो, वळतो आणि दार बंद होतं.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेवर वेगळी पोस्ट लागेल. 'शोले' कितीदाही पाहिला असला तरी, ठाकूरचं कुटुंब मारलं जातं ते दृश्य कुठून आलं हे समजून घ्यायचं असेल तर त्याचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) बघा. संगीतकार मॉरिकोनेचं संगीत आधीच तयार होतं, आणि चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर वाजवलं जाई. माणसं त्या लयीत चालतात. पण सुरुवातीला संगीत जवळजवळ नाहीच. ओसाड स्टेशन. तीन बंदूकधारी येतात, म्हाताऱ्या स्टेशनमास्तरला एका खोलीत कोंडतात आणि गाडीची वाट बघत बसतात. पवनचक्की कुरकुरते. एकाच्या हॅटवर वरून पाणी ठिबकतंय, दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसते. अशी कितीतरी मिनिटं जातात. मग गाडी येते, निघून जाते, पलीकडे हार्मोनिका वाजवणारा माणूस उभा असतो, आणि क्षणात सगळं आटोपतं.

हा सिनेमाही मी अण्णांना दाखवला. ते डोळे न हलवता बघत होते. स्टेशनवर फक्त प्रेतं आणि वारा उरला, पुढचं दृश्य सुरू झालं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवायला सांगितलं.

"अगं, तो मास्तर आतच राहिला ना? दुसरी गाडी आली तर सिग्नल कोण देणार?"

मी म्हटलं, माहीत नाही अण्णा, सिनेमा तिकडे परत जात नाही. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागे घे बरं जरा, दाराला बाहेरून कडी आहे का बघू."