भोंगा

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

भाच्याची मुलगी पुण्याहून सुट्टीला आलीय. अकरावीत आहे, गोड पोरगी. भाकऱ्या थापता थापता मी सहज म्हणाले, "आमच्या घरी दुसरा भोंगा व्हायच्या आत एवढ्या सगळ्या भाकऱ्या होऊन जायच्या." तर विचारते कशी, "भोंगा म्हणजे ते टीव्हीवर लाऊडस्पीकरवरून भांडतात ते का गं आजी?" म्हटलं, नाही बाई, कापडगिरणीचा भोंगा. ती हसली, मोबाईल काढला आणि म्हणाली, "थांब, हा शब्द घेतेच. कोणत्या शब्दांवरून माणसाचं वय कळतं त्याची यादी करतोय आम्ही मैत्रिणी." यादी दाखवली मला. पोस्टकार्ड, चार आणे, तार, रॉकेलची रांग, चावीचं घड्याळ. त्याखाली तिनं भोंगा लिहिला.

त्या क्षणी मला काय झालं ते सांगता येत नाही. तव्यावरची भाकरी करपली.

पोरीवर राग नाही. तिला कुणी सांगितलंच नाही तर तिला कळणार कसं? पण भोंगा त्या यादीत बसत नाही हो. चार आणे ३० जून २०११ ला बंद झाले. तार १४ जुलै २०१३ ला संपली, तेव्हा लोक शेवटची तार करायला रांगा लावून उभे होते. त्यांच्या जाण्याची तारीख तरी कुणीतरी जाहीर केली. आमच्या भोंग्याला कुणी निरोप दिला? एक दिवस वाजला नाही. मग वाजलाच नाही.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या चाळीत वीस-बावीस बिऱ्हाडं, आणि घड्याळं असतील तीन-चार. पहाटेचा पहिला भोंगा झाला की चुली पेटायच्या. दुसऱ्याला डबे भरलेले असायचे. तिसरा होईपर्यंत आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल गिरणीच्या गेटात. शेजारची अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. तेलुगूच बोलायची, मराठी जेमतेम. पण दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की पुडे बांधायला घ्यायची, म्हणजे कारखान्यात वेळेत पोचायचे. गिरणीशी तिचा काही संबंध नव्हता, पण वेळ तिचीही तीच. शाळेत निघायची आमची वेळही तीच. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्या घरांत एकाच आवाजाला माणसं उठायची.

आणि हे काही दहा-वीस वर्षांचं नव्हतं. आमची जुनी मिल १८७७ ची. १९३० साली याच गावात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणीतली माणसं होती. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला चौघांना फाशी झाली. त्यांचे चार पुतळे आजही उभे आहेत, त्यांच्यासमोरून रोज हजारो गाड्या जातात. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप सगळ्यांना ठाऊक, त्यावर भाषणं होतात, परिसंवाद होतात. सोलापूरच्या गिरण्या गेल्या तेव्हा कोण आलं होतं विचारायला? सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी. ती चादर कुणी विणली?

आप्पा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे. फंडाचे पैसे तुकड्या-तुकड्यानं, खूप उशिरा हातात आले. त्यातले थोडे काढून त्यांनी आयुष्यातलं पहिलं घड्याळ घेतलं. एचएमटीचं, चावीचं. तोवर त्यांना मनगटी घड्याळाची गरजच पडली नव्हती.

ते घड्याळ ते रोज बांधायचे. सकाळी चावी द्यायचे, काच धोतराच्या सोग्यानं पुसायचे. आणि तरी दिवसातून दहा वेळा विचारायचे, "किती वाजले गं?" मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, घाईत असायचे. एकदा ओरडलेच, "आप्पा, हातात घड्याळ हाय की तुमच्या!"

ते म्हणाले, "हाय की. पण हे माझं एकट्याचंच हाय."

मी पिशवी उचलून निघून गेले. बस चुकेल म्हणून.

आता कुणीतरी लिहीलच की गिरणीत काय सुख होतं. मान्य आहे. साच्यांच्या खडखडाटानं आप्पांचे कान गेले. कापसाची भुकटी छातीत बसून आमच्या चाळीतली दोन माणसं खोकत खोकत गेली. रात्रपाळीनं आईची झोप कायमची मोडली. तो भोंगा मायेनं हाक मारत नव्हता, उशीर झाला तर गेट बंद व्हायचं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही माझं म्हणणं आहे तेच आहे. साच्यांनी बहिऱ्या झालेल्या माणसाला आमचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण भोंगा ऐकू यायचा. त्याच्यासाठी तो एकच आवाज शिल्लक राहिला होता आणि तोही गेला. म्हणून ते विचारत होते किती वाजले, हे मला कळायला किती वर्षं लागली!

आज आमच्या गल्लीला एकत्र उठवतं ते फक्त नळाचं पाणी. चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला. तेव्हा सगळ्या घरांत दिवे लागतात, बायका हंडे-बादल्या लावतात, एकमेकींना हाका मारतात. परवा रात्री पाणी भरताना मी क्षणभर थांबले. वाटलं, आत्ता आप्पा सायकल काढतील.

संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. सकाळी मी गप्प झाले होते ते तिच्या लक्षात आलं असणार. मी कपाटातून घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. तिला चावी कशी देतात ते माहीत नव्हतं, शिकवलं. कानाशी धरून बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "आणि भोंगा कसा वाजायचा? करून दाखव ना."

मला करून दाखवता आला नाही. घसा भरून आला, ते एक. आणि दुसरं म्हणजे मला नीट आठवेचना. माझ्या मित्रयादीत जुनी सोलापूरची माणसं बरीच आहेत, काहींचे वडील आप्पांबरोबर कामाला होते. तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर खाली लिहा. दुपारची पाळी सुटायचा भोंगा एकच लांब असायचा, की आधी एक आखूड आणि मग लांब?